संवेदनांचे नकाशे आणि सरावाने तीक्ष्ण होणारी संवेदना: मेंदूतील भाग वाढणे म्हणजेच शिकणे का?

अंशरेषा (धागाकर्ता)

मेंदूतील संवेदनांच्या नकाशांविषयीच्या लेखांत बहुतेक वेळा एकच निष्कर्ष वाचायला मिळतो. सराव केला की त्या बोटाला, त्या स्वराला किंवा त्या दृश्याला मेंदूत मिळालेली जागा वाढते, आणि जागा वाढल्यामुळे संवेदना तीक्ष्ण होते, असा तो निष्कर्ष असतो. यातला पहिला भाग बऱ्याच प्रयोगांत खरा ठरला आहे. दुसऱ्या भागातला कार्यकारणभाव मात्र मला पटत नाही. तो का पटत नाही हे सविस्तर मांडावे आणि जाणकारांनी त्यातल्या उणिवा दाखवाव्यात, यासाठी हा धागा काढत आहे.

त्वचेवर शेजारी असलेल्या दोन जागा मेंदूच्या पृष्ठभागावर, म्हणजे कॉर्टेक्सवरही, साधारणपणे शेजारीच असतात. डोळ्याच्या पडद्यावरील बिंदूंचे आणि कानाच्या आतील शंखाकृती नलिकेतील स्वरांच्या क्रमाचेही तसेच आहे. पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी १९३७ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या कॉर्टेक्सला ठिकठिकाणी सौम्य विद्युतप्रवाह देऊन, जाणीव शरीराच्या कोणत्या भागात होते हे विचारत माणसातील असा नकाशा मांडला. या नकाशात प्रमाणबद्धता नसते. ओठ, जीभ आणि बोटे यांना भरपूर जागा मिळते, तर पाठीला फारच थोडी. कंपासची दोन टोके एकाच वेळी त्वचेवर टेकवून ती दोन आहेत हे कळण्यासाठी बोटाच्या टोकावर साधारण दोन-तीन मिलिमीटर अंतर पुरते, पाठीवर मात्र सुमारे चार सेंटिमीटर लागते. तारकाकृती नाकाच्या चिचुंदरीसदृश प्राण्यात, ज्याला ‘स्टार-नोज्ड मोल’ म्हणतात, हे आणखी ठळक दिसते. त्याच्या नाकाभोवती स्पर्शेंद्रियांचे बावीस मांसल किरण असतात. त्यातील सर्वांत खालची, तोंडाजवळची जोडी आकाराने लहान असते. परंतु भक्ष्य सापडल्यावर तो प्राणी बारकाईने तपासण्यासाठी तीच जोडी वापरतो, आणि कॉर्टेक्समध्ये त्या लहान जोडीला सर्वांत जास्त जागा मिळालेली असते.

जागा आणि सूक्ष्मता यांचा असा मेळ दिसल्यावर सरावाने सूक्ष्मता वाढत असेल तर जागाही वाढत असावी, असे वाटणे स्वाभाविक होते. मर्झेनिक आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवले की माकडाचे एक बोट काढून टाकल्यावर कॉर्टेक्समधील त्या बोटाची जागा रिकामी राहत नाही, तर शेजारच्या बोटांकडून आणि तळव्याकडून आलेले संदेश तिथे उमटू लागतात. १९९० साली जेन्किन्स यांच्या प्रयोगात, फिरत्या चकतीला बोटांची टोके विशिष्ट पद्धतीने टेकवत राहण्याचे शिक्षण दिलेल्या माकडांत त्याच टोकांची जागा वाढलेली आढळली. १९९५ साली एल्बर्ट यांच्या गटाने तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांचा प्रतिसाद इतरांपेक्षा मोठा असल्याचे नोंदवले, आणि ज्यांनी लहानपणी वादन सुरू केले होते त्यांच्यात तो फरक अधिक होता.

मला खटकू लागले ते रेकनझोन आणि मर्झेनिक यांच्या १९९२ सालच्या कामापासून, आणि हे काम याच विचारपरंपरेतील आहे, हे महत्त्वाचे. माकडांच्या एका बोटावरील छोट्याशा जागेला कंपने देऊन, दोन कंपनांच्या वारंवारितेतील बारीक फरक ओळखायला त्यांना शिकवले गेले. त्यांचे कौशल्य वाढले आणि त्या जागेचे कॉर्टेक्समधील क्षेत्रही वाढले. तरीही कोणत्या माकडाला फरक किती चांगला ओळखता येतो, याचा अंदाज क्षेत्राच्या आकारावरून नीट येत नव्हता. तो येत होता चेतापेशी कंपनाच्या प्रत्येक आवर्तनाला किती एकदमात, किती नेमक्या क्षणी प्रतिसाद देतात यावरून. याच गटाने १९९३ साली ध्वनीवर केलेल्या प्रयोगात मात्र, ज्या वारंवारितेचा सराव झाला तिच्या क्षेत्राचा आकार आणि कौशल्य यांचा चांगला मेळ दिसला. म्हणजे एकाच प्रयोगशाळेतून, एका वर्षाच्या अंतराने, एकदा आकार कौशल्याशी जुळला आणि एकदा जुळला नाही.

पुढे ब्राउन, अर्व्हिन आणि पार्क यांनी २००४ साली मांजरांना ध्वनीची वारंवारिता ओळखायला शिकवले, तेव्हा मांजरे तरबेज झाली, पण नकाशात तशी वाढ आढळली नाही. त्याआधी २००१ साली तलवार आणि गर्स्टाइन यांनी उलट बाजूने प्रश्न विचारला होता. त्यांनी उंदरांच्या श्रवण-कॉर्टेक्सला थेट विद्युतप्रवाह देऊन नकाशातील एक भाग कृत्रिमरीत्या वाढवला, तरी त्या वारंवारितेतील फरक ओळखण्याची क्षमता बदलली नाही.

माझी भूमिका अशी आहे की नकाशातील वाढ ही शिकण्याच्या काळातील एक अवस्था आहे, शिकलेली गोष्ट त्या वाढीत साठवलेली नसते. यावर आपले काय मत आहे?

नवजिज्ञासा

धागा आवडला. माझे वाचन पुस्तकांपुरते आहे, म्हणून एक मूलभूत शंका विचारते. हात गमावलेल्या काही व्यक्तींच्या चेहऱ्याला स्पर्श केला असता नसलेल्या हातावर स्पर्श झाल्यासारखे वाटते, हे मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. १९९१ साली पॉन्स यांच्या गटाने ज्या माकडांच्या हाताच्या संवेदी नसा बारा वर्षांहून अधिक काळ तोडलेल्या होत्या, त्यांच्यात हाताची संपूर्ण जागा चेहऱ्याने व्यापल्याचे दाखवले, आणि ती सरक दहा मिलिमीटरहून अधिक होती. नकाशा एवढा बदलतो आणि त्याबरोबर अनुभवही बदलतो, तर नकाशा व अनुभव यांचा संबंध तुम्ही म्हणता तेवढा सैल कसा म्हणता येईल?

दीर्घवृत्त

नवजिज्ञासा यांनी उल्लेखलेले दोन्ही प्रयोग महत्त्वाचे आहेत, पण त्यांचा अर्थ गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलला आहे.

पहिला मुद्दा बदल कुठे होतो याचा आहे. नीरज जैन यांच्या गटाने नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरमध्ये केलेले आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेले काम या संदर्भात अवश्य वाचावे. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झालेल्या माकडांत कॉर्टेक्सच्या हाताच्या भागात हनुवटीच्या स्पर्शाला प्रतिसाद मिळू लागला होता. संशोधकांनी मेंदूच्या देठातील, हाताकडून येणारे संदेश पुढे पाठवणारे केंद्रक, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, तात्पुरते बधिर केले, तेव्हा कॉर्टेक्समधील तो नवा प्रतिसाद नाहीसा झाला. याचा अर्थ नवे जोड खाली, देठात तयार झाले होते आणि कॉर्टेक्समध्ये त्यांचे केवळ प्रतिबिंब दिसत होते. कॉर्टेक्सच्या नकाशात फेरफार दिसला म्हणून कॉर्टेक्सच शिकला, असे लगेच म्हणता येत नाही, ते यामुळे.

दुसरा मुद्दा जुना नकाशा खरोखर पुसला जातो का, हा आहे. तामार मेकिन यांच्या गटाने २०१३ साली दाखवले की हात गमावलेल्या व्यक्ती नसलेला हात हलवण्याचा प्रयत्न करतात तेव्हा हाताचा जुना भाग चांगलाच सक्रिय होतो, आणि ज्यांना नसलेल्या हातात वेदना अधिक जाणवतात त्यांच्यात तो भाग अधिक शाबूत असतो. २०२५ साली त्याच दिशेने आणखी पुढचे काम आले. हात काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या तीन व्यक्तींचे आधी आणि नंतर अनेकदा स्कॅन घेण्यात आले, तेव्हा हात आणि ओठ यांचे नकाशे शस्त्रक्रियेनंतरही जवळजवळ जसेच्या तसे राहिले. इथे तुलना वेगवेगळ्या माणसांत नसून त्याच माणसाशी होती, म्हणून मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र अंशरेषा यांनाही सांगायची आहे. इजा आणि सराव या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. इजेत संदेश येणेच थांबते, सरावात तेच संदेश अधिक बारकाईने तपासले जातात. १९८४ सालच्या बोट काढलेल्या माकडांवरून शिकण्याविषयी अनुमान काढण्याची प्रथा मुळातच सैल आहे, आणि आपल्या पहिल्या लेखातही ती थोडीशी डोकावते.

अंशरेषा (धागाकर्ता)

मान्य आहे. इजेचा प्रयोग मी केवळ ऐतिहासिक क्रमासाठी घेतला होता. पुढील चर्चा सरावापुरती ठेवूया.

पर्णछाया

चर्चा स्पर्श आणि ध्वनीवर चालली आहे, पण संवेदनिक अध्ययनाचा, म्हणजे सरावाने संवेदना तीक्ष्ण होण्याचा, सर्वांत काटेकोर अभ्यास दृष्टीत झाला आहे. तिथली एक कसोटी तपशिलात मांडते, कारण सगळा वाद तिच्या तपशिलांत दडला आहे.

कार्नी आणि सागी यांचा १९९१ सालचा प्रयोग पाहा. पडद्यावर आडव्या छोट्या रेषांचे दाट शेत असते. मध्यभागी एक अक्षर असते, आणि ते ओळखायचे असल्यामुळे नजर तिथून हलत नाही. एका कोपऱ्याच्या बाजूला तीन तिरक्या रेषा ओळीने मांडलेल्या असतात, आणि ती ओळ उभी होती की आडवी, एवढेच सांगायचे असते. हे चित्र सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते चमकते, मध्ये क्षणभर रिकामा पडदा येतो आणि मग वेड्यावाकड्या रेषांचे दुसरे चित्र येऊन पहिल्याचा ठसा पुसून टाकते. सुरुवातीला त्या दोन चित्रांमध्ये बराच वेळ मिळाला तरच उत्तर देता येते. दिवसागणिक सराव झाल्यावर त्याच व्यक्तीला त्याहून कितीतरी कमी वेळ पुरतो. ही प्रगती सराव चालू असताना फारशी दिसत नाही. काही तास उलटल्यावर दिसते.

आता तिरक्या रेषा दृष्टिक्षेत्राच्या दुसऱ्या चतुर्थांशात दाखवल्या की शिकणाऱ्याला जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका डोळ्याने सराव केला असेल तर दुसऱ्या डोळ्याला त्याचा लाभ होत नाही. पार्श्वभूमीच्या रेषांची दिशा बदलली तरीही लाभ जातो. जागा, डोळा आणि दिशा यांना इतके काटेकोरपणे ओळखणारे कॉर्टेक्स म्हणजे दृष्टीचे पहिले क्षेत्र. त्यामुळे शिकणे तिथेच, म्हणजे सर्वांत तपशीलवार नकाशातच घडते, असा निष्कर्ष निघाला, आणि तो अनेक वर्षे टिकला.

मग संशोधकांनी माकडांच्या त्या क्षेत्रात थेट मोजमाप केले. २००१ साली शूप्स यांच्या गटाला रेषांच्या दिशेतील बारीक फरक शिकलेल्या माकडांत काही चेतापेशींची दिशेबाबतची संवेदनशीलता थोडी वाढलेली आढळली. बदलल्या होत्या त्या नेमक्या शिकवलेल्या दिशेला सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या पेशी नव्हत्या. ज्यांच्या प्रतिसादाचा उतार त्या दिशेपाशी तीव्र असतो, म्हणजे दिशा किंचित बदलली तरी ज्यांचा प्रतिसाद बराच बदलतो, अशा शेजारच्या पेशींत तो बदल होता. बारीक फरक ओळखण्यासाठी उपयोगी पेशी त्याच असतात. परंतु गोस, यांग आणि मॉन्सेल यांना २००२ साली तशाच शिक्षणानंतर पहिल्या क्षेत्रात जवळजवळ काहीच बदल दिसला नाही. आणि क्रिस्ट, ली व गिल्बर्ट यांना २००१ साली ग्रहणक्षेत्रांच्या, म्हणजे एकेक पेशी ज्या भागातील उद्दीपनाला प्रतिसाद देते त्या भागांच्या, जागा आणि आकार जसेच्या तसे आढळले; बदलला होता तो आजूबाजूच्या रेषांचा पेशीच्या प्रतिसादावर होणारा परिणाम, आणि तोही माकड शिकलेले काम करत असतानाच.

या सर्व निकालांत सामाईक असे एकच आहे, की शिकलेल्या भागाचे ‘क्षेत्रफळ’ वाढल्याचे कोणीच सांगत नाही. त्यामुळे दृष्टीपुरते तरी मी अंशरेषा यांच्याशी सहमत आहे.

दीर्घवृत्त

पर्णछाया यांच्या मांडणीला दोन पुरवण्या जोडतो.

जागेशी बांधलेले शिकणे म्हणजे नकाशातील शिकणे, या तर्काला २००८ साली मोठा धक्का बसला. शियाओ आणि सहकाऱ्यांनी एका जागी एक काम शिकवले, आणि दुसऱ्या जागी त्याच्याशी संबंध नसलेले दुसरेच काम शिकवले. त्यानंतर पहिल्या कामातील कौशल्य त्या दुसऱ्या जागीही वापरता येऊ लागले. ते पहिल्या क्षेत्रातील एका ठिपक्यात कोंडलेले असते, तर असे झाले नसते.

त्याच वर्षी लॉ आणि गोल्ड यांनी ठिपक्यांच्या हालचालीची दिशा ओळखायला शिकणाऱ्या माकडांत दोन क्षेत्रे मोजली. हालचालीचा नकाशा असलेल्या मधल्या क्षेत्रातील पेशी शिक्षणाच्या आधी आणि नंतर सारख्याच होत्या. बदल झाला तो पुढे, निर्णयाशी निगडित असलेल्या पार्श्विक क्षेत्रात. डोशर आणि लू यांची मांडणी याच्याशी जुळते. न्यायालयात साक्षीदार तेच राहतात, त्यांच्या साक्षीही त्याच राहतात, पण कोणाच्या साक्षीला किती वजन द्यायचे हे न्यायाधीश अनुभवाने शिकतो, तसे हे शिकणे आहे. हे वजन ठरवणारे जोड नकाशाच्या विशिष्ट भागाकडून येत असल्यामुळे वरून पाहता शिकणे जागेशी बांधलेले दिसते, जरी नकाशा स्वतः बदललेला नसला तरी.

स्पर्शोपचार

मी हाताच्या पुनर्वसनाचे काम करते, त्यामुळे व्यवहारातील अनुभव मांडते. मनगटापाशी तुटलेली नस शिवून जोडल्यावर वाढणारे तंतू आपापल्या जुन्या वाटेने जात नाहीत. परिणामी रुग्णाच्या तर्जनीला स्पर्श केला तर तो मधल्या बोटाला किंवा तळव्याला झाल्यासारखा वाटतो. माकडांत अशा जोडणीनंतर कॉर्टेक्सचा नकाशा तुकड्यातुकड्यांचा होतो, एका बोटाचे तुकडे दुसऱ्या बोटाच्या तुकड्यांत मिसळतात. तरीही रुग्ण शिकतात. आम्ही आधी रुग्णाला बघत बघत स्पर्श ओळखायला लावतो, मग डोळे मिटून, मग पुन्हा बघून पडताळायला. खडबडीत आणि गुळगुळीत यातला फरक, मग आकार, मग लहान वस्तू, असे पुढे जातो. लहान मुलांत सुधारणा प्रौढांपेक्षा चांगली होते. मला रोज दिसते ते असे, की विस्कटलेला नकाशा वाचायलाही माणूस शिकू शकतो. म्हणूनच वजन बदलण्याची मांडणी मला जवळची वाटते.

नकाशा वाढणे नेहमी हितकारक असते, या समजुतीचीही भीती वाटते. १९९६ साली बिल, मर्झेनिक आणि सहकाऱ्यांनी माकडांकडून हाताची एकच वेगवान पकड दीर्घकाळ करून घेतली. माकडांचा हातावरील ताबा सुटला, आणि कॉर्टेक्समधील ग्रहणक्षेत्रे अनेक पटींनी मोठी होऊन एका बोटाची दुसऱ्या बोटात मिसळली. वादकांच्या बोटांत येणारा आखडलेपणा काही अंशी असाच असावा, असे त्यावरून मानले जाते. इथे सराव होता, नकाशात मोठा बदल होता, आणि कौशल्य मात्र गेले.

नवजिज्ञासा

मग लक्ष देण्याचे काय? नुसते उद्दीपन पुरेसे असते का?

पर्णछाया

पॉली, स्टाइनबर्ग आणि मर्झेनिक यांचा २००६ सालचा प्रयोग यावर थेट बोलतो. उंदरांच्या दोन गटांना तेच ध्वनी ऐकवले. एका गटाला वारंवारितेकडे, तर दुसऱ्याला तीव्रतेकडे लक्ष देऊन बक्षीस मिळत होते. पहिल्या गटात वारंवारितेचा नकाशा बदलला, दुसऱ्यात तीव्रतेच्या प्रतिसादात बदल झाला. कानावर पडणारे ध्वनी समान असूनही मेंदूतील बदल वेगळे झाले, म्हणजे कामाची गरज निर्णायक ठरली.

मात्र लक्षाशिवाय काहीच होत नाही, असेही नाही. प्लेगर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली बोटाच्या टोकाला काही तास एकदम, एकाच वेळी हलके स्पर्श दिले. व्यक्तींनी त्याकडे लक्ष देण्याची अट नव्हती. नंतर दोन टोकांची कसोटी सुधारली, आणि ज्यांच्यात ती अधिक सुधारली त्यांच्यात कॉर्टेक्समधील बदलही अधिक होता. अंशरेषा यांनी या निकालाचे उत्तर द्यावे, असे वाटते, कारण तो आपल्या भूमिकेच्या विरुद्ध जातो.

अंशरेषा (धागाकर्ता)

प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर काळाशी संबंधित आहे. प्लेगर यांनी केलेले मोजमाप उद्दीपनानंतर लगेचचे होते, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही परिणाम ओसरलेले होते. सुरुवातीच्या टप्प्यात नकाशा आणि सूक्ष्मता एकत्र वाढतात, हे मी नाकारत नाही. प्रश्न कौशल्य पक्के झाल्यानंतरचा आहे.

किल्गार्ड आणि मर्झेनिक यांनी १९९८ साली दाखवले होते की मेंदूच्या तळाशी असलेले, अॅसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन सोडणारे केंद्रक उत्तेजित करत असताना एखादा स्वर ऐकवत राहिले, तर प्रत्यक्ष शिक्षणाशिवायही त्या स्वराचे क्षेत्र मोठे होते. किल्गार्ड यांच्याच गटातील रीड यांनी २०११ साली याचा उपयोग करून उंदरांत आधी खालच्या स्वरांचे क्षेत्र वाढवले आणि नंतर त्याच स्वरांतील फरक ओळखायला शिकवले. वाढलेले क्षेत्र असलेले उंदीर लवकर शिकले. मात्र काही आठवड्यांच्या सरावानंतर नकाशा पुन्हा पूर्ववत झाला, आणि कौशल्य जागचे हलले नाही. माणसांत असेच चित्र योत्सुमोतो, वातानाबे आणि सासाकी यांना २००८ साली दिसले. पर्णछाया यांनी वर्णन केलेल्या रेषांच्या कसोटीचा सराव करणाऱ्यांत दृष्टीच्या पहिल्या क्षेत्रातील प्रतिसाद सुरुवातीला वाढला, मग पूर्वपातळीवर आला. कामगिरी मात्र वरच राहिली.

यावरून मी असे मानतो की शिकताना मेंदू त्या उद्दीपनासाठी अधिक पेशी कामाला लावतो, त्यातून नेमकी माहिती देणाऱ्या पेशी निवडल्या जातात, पुढील क्षेत्रांशी असलेले त्यांचे जोड बळकट होतात, आणि मग जादा पेशी आपापल्या जुन्या कामाला परततात. दीर्घवृत्त म्हणतात तो वजनातला बदल आणि नकाशातील वाढ हे माझ्या मते परस्परविरोधी नसून एकाच क्रमातील आधीचे आणि नंतरचे टप्पे आहेत. तलवार आणि गर्स्टाइन यांच्या उंदरांत वाढलेल्या भागाने निवडण्यासारखे काहीच पुरवले नव्हते, कारण ती वाढ कोणत्याही स्वराच्या सरावाशिवाय, थेट कॉर्टेक्सला प्रवाह देऊन घडवलेली होती.

दीर्घवृत्त

मग तंतुवाद्य वादकांचे काय? त्यांची वाढ वर्षानुवर्षे टिकून राहते.

अंशरेषा (धागाकर्ता)

तो माझ्या मांडणीतील खरा अडसर आहे. एक शक्यता अशी की लहान वयात, नकाशा घडत असतानाच सराव सुरू झाला तर पूर्ववत होण्याची पातळीच वेगळी ठरते. ज्यांनी लवकर सुरुवात केली त्यांच्यातच फरक अधिक होता, याच्याशी हे जुळते. दुसरी शक्यता अशी की वादक रोज नवी रचना शिकत असतो, म्हणून त्याचा सराव कधीच ‘पूर्ण’ होत नाही. या दोन्हींत निवाडा करायचा तर वादन कायमचे थांबवलेल्या, पण लहानपणी शिकलेल्या व्यक्तींची तेच मोजमाप वापरून पाहणी करावी लागेल, आणि तीही एकदाच न करता, थांबल्यानंतर काही वर्षे पुनःपुन्हा.

स्पर्शोपचार

आणि त्या पाहणीत केवळ क्षेत्राचा आकार मोजू नये, ही विनंती. माझ्या रुग्णांच्या बाबतीत मला जाणून घ्यायचे असते ते असे, की एका बोटाचे तुकडे दुसऱ्या बोटाच्या तुकड्यांपासून किती वेगळे ओळखता येतात, आणि त्या वेगळेपणाचा उपयोग त्यांना डोळे मिटून बटण लावताना होतो का. आकारावरून यातले काहीच सांगता येत नाही.